कादंबरीला शेजारी काय म्हणतात?

धारवाडच्या एखाद्या कॉलेजबाहेर ‘आज संध्याकाळी उपन्यास’ अशी सूचना वाचून दाखवली, तर शाळेत हिंदी शिकलेला मराठी माणूस गोंधळून जाईल. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी, आणि कादंबरी काही संध्याकाळी पाच वाजता नसते. पण कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. कॉलेजात शिकवणारा तो उपन्यासक. तेलुगूतही उपन्यास म्हणजे भाषणच. मग कन्नडमध्ये कादंबरीला काय म्हणतात? कादंबरीच. अगदी आपल्यासारखं.

थोडं पुढे गेलं की मजा वाढत जाते. बंगाली, ओडिया, असमिया आणि हिंदी या भाषांनी ‘उपन्यास’ घेतला. गुजरातीने ‘नवलकथा’ केली. त्यात इंग्रजी नॉव्हेलचा आवाजही आहे आणि नवलाईसुद्धा. उर्दू, तमिळ आणि मल्याळमने इंग्रजी शब्दच आपल्या उच्चारात बसवला. मराठीने आणि कन्नडने मात्र सातव्या शतकातल्या, हर्षवर्धनाच्या दरबारात असलेल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकाव्यातल्या नायिकेचं नाव उचललं आणि एका अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं.

आपण ‘कादंबरी’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो, पण तो एका बाईचं नाव आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. गुजराती आणि कन्नड शेजारी ठेवल्यावरच तो शब्द एकदम डोळ्यांत भरतो. मग प्रश्न सुचायला लागतात. विलायतेहून आलेल्या या नव्या प्रकारात आपल्या लोकांना बाणभट्ट कसा काय दिसला? ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या सुरुवातीच्या कादंबऱ्या इतक्या अद्भुतरम्य आहेत, त्याचा या नावाशी काही संबंध असेल का? आणि विधवांच्या हालांवर लिहिलेलं ‘यमुनापर्यटन’ त्यांच्याही आधी, १८५७ मध्ये आलं होतं, त्याचं काय?

असे प्रश्न पद्धतशीरपणे विचारायचे आणि उत्तरासाठी दोन-तीन भाषांची पुस्तकं समोर उघडी ठेवून बसायचं, याला विद्यापीठात तौलनिक साहित्य म्हणतात. मी या विषयाच्या प्रेमात आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल माहीत असेल.

आधी एक गैरसमज. ‘तुलना’ म्हटलं की आपल्याला शाळेतली प्रश्नपत्रिका आठवते: दोन कवितांची तुलना करा, साम्य पाच, भेद पाच. नाहीतर मग डावं-उजवं करणं. कालिदास मोठा की शेक्सपिअर, तुकाराम मोठे की कबीर. या अभ्यासात असली उतरंड लावत नाहीत, आणि नुसत्या साम्यांच्या याद्याही करत नाहीत. साम्य सापडलं तर ते का आहे, हे विचारायचं. एकाने दुसऱ्याचं वाचलं होतं का? दोघांनी तिसऱ्याच कुणाचं वाचलं होतं? की कुणी कुणाचं काही वाचलेलं नसताना सारख्या परिस्थितीतून सारखं काही उगवलं? आणि सारखेपणा संपतो ती जागा तर नक्कीच शोधायची, कारण खरा ऐवज बहुतेक वेळा तिथेच असतो.

याचं एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आलं, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल बोलताना ‘किंग लिअर’चा उल्लेख होतोच. म्हातारा बाप जिवंतपणीच सगळं मुलांना वाटून टाकतो आणि मुलं त्याला घरात नकोसा करतात, हा सांगाडा तोच आहे. एवढ्यावर चर्चा थांबली तर ‘हे लिअरवरून घेतलंय’ आणि ‘छे, हे अस्सल मराठी आहे’ अशी दोन गटांची भांडणं होतात. दोन्ही गटांच्या हाती काही लागत नाही.

तौलनिक साहित्याचा विद्यार्थी दोन्ही नाटकं शेजारी ठेवून माणसं मोजतो. लिअरला तीन मुली: दोन गोडबोल्या आणि धाकटी खरं बोलणारी कॉर्डेलिया. नटसम्राट बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. कॉर्डेलिया गेली कुठे? दुसरं, लिअरला बायको नाही. एका ओझरत्या उल्लेखापलीकडे ती राणी नाटकात येतच नाही. आणि मराठी नाटकात तर कावेरी आहे, जिला बेलवलकर ‘सरकार’ म्हणतात. नवऱ्याच्या आधी तिला पुढचं दिसतं, अपमान आधी तिला झोंबतो. म्हणजे खरं बोलण्याचं जे काम शेक्सपिअरने धाकट्या मुलीला दिलं, त्याचा मोठा वाटा मराठीत बायकोकडे आला. राज्याचं नाटक संसाराचं झालं. ब्रिटनच्या राजाचं राज्य फुटतं तेव्हा देशात युद्ध होतं. निवृत्त नटाचं घर सुटतं तेव्हा दोन म्हातारी माणसं रस्त्यावर येतात.

आणि ते वादळ. लिअर माळरानावर वादळात उभा राहतो आणि वादळाशी बोलतो. बेलवलकर स्वतःलाच तुफान म्हणवतात आणि त्या तुफानासाठी घर मागत फिरतात. बाहेरचं वादळ नाटककाराने माणसाच्या आत नेलं. हे शोधण्यासाठी कुठलाही अवघड सिद्धांत लागला नाही. दोन पुस्तकं आणि थोडा धीर, एवढंच लागलं.

या क्षेत्रात ‘प्रभाव’ आणि ‘स्वीकार’ असे दोन शब्द वापरतात, त्यांच्यातला फरक आता सांगता येईल. प्रभाव शोधणारा विचारतो, शेक्सपिअरने मराठीला काय दिलं? स्वीकार शोधणारा विचारतो, मराठीने शेक्सपिअरमधलं काय घेतलं, काय टाकलं, आणि का? पहिल्या प्रश्नात मराठी हात पसरून उभी असते. दुसऱ्यात ती पारखून घेणारी गिऱ्हाईक असते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं (१८८३), देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंजारराव’ केलं (१८९०). ही नावंच बघा. एकाने विकारांकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने मराठा सरदार उभा केला. मला दुसरा प्रश्न कधीही जास्त उपयोगाचा वाटतो.

इतिहास थोडक्यात. १८२७ मध्ये म्हातारा जर्मन कवी गटे एक चिनी कादंबरी वाचत होता आणि आपल्या सहकाऱ्याशी, एकरमानशी, बोलताना म्हणाला की आता जागतिक साहित्याचा काळ आला आहे. त्याच्याही कितीतरी आधी तो ‘शाकुंतला’ने भारावला होता. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये कलकत्त्यात केलेला इंग्रजी अनुवाद, त्यावरून फॉर्स्टरने १७९१ मध्ये केलेला जर्मन अनुवाद, अशा वाटेने ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं. त्याच्या ‘फाउस्ट’च्या सुरुवातीला सूत्रधाराच्या प्रवेशासारखा जो रंगभूमीवरचा प्रवेश येतो, तो कालिदासाकडून आला असं मानतात. तेच ‘शाकुंतल’ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाती आलं आणि १८८० मध्ये पुण्यात त्यातून संगीत नाटकाची परंपरा उभी राहिली. एका नाटकाच्या या दोन प्रवासांवर वर्षभराचा अभ्यासक्रम बेतता येईल.

पुढे युरोपात या विषयाचं मुख्यतः ‘कुणी कुणाकडून घेतलं’ याच्या हिशेबात रूपांतर झालं. या जमाखर्चाच्या वृत्तीवर समीक्षक रेने वेलेक यांनी १९५८ मध्ये कडक टीका केली, आणि ती रास्त होती. पण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं वर्ष १९०७. कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने रवींद्रनाथांना याच विषयावर बोलायला बोलावलं. त्यांनी इंग्रजी नाव बाजूला ठेवलं आणि म्हणाले, मी याला विश्वसाहित्य म्हणेन. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: पृथ्वी म्हणजे माझं शेत, तुझं शेत, त्याचं शेत यांची बेरीज नव्हे; तशी पृथ्वी पाहणं म्हणजे गावंढळपणाने पाहणं. साहित्याचंही तसंच आहे. त्या परिषदेतूनच पुढे जादवपूर विद्यापीठ घडलं आणि १९५६ मध्ये कवी बुद्धदेव बसू यांनी तिथे तौलनिक साहित्याचा भारतातला पहिला विभाग सुरू केला.

महाराष्ट्रातही हा विषय नवा नाही. मुंबई विद्यापीठात गुरुदेव टागोर तौलनिक साहित्य अध्यासन आहे. वसंत बापट आणि नंतर भालचंद्र नेमाडे यांनी तिथे काम केलं. बापटांचं या विषयावरचं मराठी पुस्तक आजही सुरुवातीला वाचायला चांगलं आहे.

आता ज्यात मी सगळ्यात जास्त रमतो ते. अभंगाच्या शेवटी संत स्वतःचं नाव घालतो. तुका म्हणे. नामा म्हणे. चोखा म्हणे. बहिणी म्हणे. याला आपण नाममुद्रा म्हणतो आणि पुढे जातो. पण कृष्णेच्या पलीकडे जा. बाराव्या शतकातले कन्नड संत बसवण्णा वचनाच्या, म्हणजे छोट्या मुक्त भक्तिकवितेच्या, शेवटी ‘कूडलसंगमदेव’ म्हणतात. अक्कमहादेवी ‘चन्नमल्लिकार्जुन’ म्हणते. अल्लमप्रभू ‘गुहेश्वर’. सोळाव्या शतकातले पुरंदरदास ‘पुरंदर विठ्ठल’ म्हणतात. विठ्ठल तोच, आपल्या पंढरपुरातला. पण सही भक्ताची नाही, देवाची आहे.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः पुस्तक मिटून बसलो होतो. आयुष्यभर ऐकलेलं ‘तुका म्हणे’ मला तोवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

आता याचा अर्थ लावायचा. वचनातलं शेवटचं नाव ही हाक आहे. कवी देवाकडे तोंड करून बोलतो आणि आपण ते बाजूला उभं राहून ऐकतो. ‘तुका म्हणे’ कुणाला उद्देशून आहे? देवाला ‘तुका असं म्हणतोय’ हे सांगायची गरज नाही. ते समोर बसलेल्या लोकांना सांगितलं आहे. शेवटच्या ओळीत अभंग श्रोत्यांकडे वळतो. कबीर तर ते उघडच करतो: कहत कबीर, सुनो भाई साधो. म्हणजे ही सही कीर्तनाच्या मांडवात जन्मली असावी, जिथे गाणारा आणि ऐकणारे आमनेसामने असतात. छान बसलं उत्तर.

पण शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. ज्ञानेश्वरांच्या अभंगांत अनेक ठिकाणी ‘बापरखुमादेवीवरु विठ्ठलु’ अशी मुद्रा येते. म्हणजे देवाचंच नाव, थेट कन्नड पद्धतीने. आणि ज्या विठ्ठलाला ते ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ म्हणतात, त्याच्याच बाबतीत! मग मराठीत स्वतःच्या नावाची सही रूढ कधी झाली? ज्ञानेश्वरांकडून नामदेवांकडे येताना काही बदललं का? नामदेव कीर्तनकार, ते उत्तरेत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मघाचा माझा सोपा सिद्धांत आता दुरुस्त करावा लागतो: ही मराठी आणि कन्नड अशी सरळ विभागणी नाही, मराठीच्या आतच एक वळण आहे आणि कीर्तनाकडे पाहिल्याशिवाय ते कळणार नाही.

शिवाय सगळे जण स्वतःचं नाव सारख्याच मोकळेपणाने घेत नाहीत. एकनाथ ‘एका जनार्दनी’ असं गुरूच्या नावासकट सही करतात. जनाबाई अनेकदा ‘नामयाची जनी’ होते. आणि सोयराबाई स्वतःचं नाव न घेता ‘चोखियाची महारी’ म्हणते. दोनच शब्दांत नवरा आणि जात. अक्कमहादेवीच्या सहीत नवरा नाही, बाप नाही, गाव नाही. फक्त देव आहे, ज्याला ती पती मानते. या दोन बायकांच्या सह्या शेजारी ठेवल्या की स्त्री, जात आणि भक्ती यांच्याबद्दल जे दिसतं, ते एकाच भाषेच्या इतिहासात शिरून इतकं लख्ख दिसलं नसतं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सीतेचं सांगतो. जादवपूरच्या त्या विभागाच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये नवनीता देव सेन होत्या. पुढे त्या तिथेच शिकवू लागल्या. सोळाव्या शतकातल्या चंद्रावतीचं बंगाली रामायण त्यांनी नव्याने वाचलं. त्याची सुरुवात सीतेच्या जन्मापासून होते आणि राम त्यात फारसा आदर्श उरत नाही. विद्वानांनी ते अपुरं, दुबळं काव्य म्हणून बाजूला टाकलं होतं. नवनीताबाईंनी त्याच्या शेजारी तेलुगू आणि मैथिली बायकांची गाणी ठेवली, आणि आपल्या जात्यावरच्या ओव्याही ठेवल्या. सगळीकडे तेच: राज्याभिषेकापेक्षा बाळंतपण मोठं, युद्धापेक्षा वनवास मोठा, आणि सीतेच्या तोलाचा राम नाही असं सरळ म्हणून टाकणारी बाई. एकट्या बंगालीत जे दुबळं वाटत होतं, ते चार भाषांत मिळून एक परंपरा निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याला हे घरचं धन आहे.

कादंबरीकडे परत येतो. एकाच दशकातल्या तीन कादंबऱ्या घ्या. मल्याळममध्ये चंदू मेनन यांची ‘इंदुलेखा’ (१८८९), मराठीत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः), ओडियात फकीरमोहन सेनापतींची ‘छ माण आठ गुंठ’ (१८९७ पासून मासिकात). इंदुलेखा शिकलेली नायर मुलगी. ती श्रीमंत नंबुदिरी ब्राह्मणाला धुडकावून लावते आणि मनासारखं लग्न करते. हरिभाऊंची यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते आणि तिच्या नशिबी वैधव्य, केशवपन येतं. ओडिया कादंबरीचं नावच जमिनीचं माप आहे. ‘गुंठ’ आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. एक जमीनदार विणकर जोडप्याची जमीन गिळतो आणि गावातला एक तिरकस निवेदक ते सांगतो. तिन्ही लेखकांसमोर तेच इंग्रजी राज्य, तेच कायदे, तीच इंग्रजी कादंबरी. तरी एकाला बाईची निवड दिसली, दुसऱ्याला बाईचं दुःख दिसलं, तिसऱ्याला सातबाऱ्यासारखं काही दिसलं. मलबारातल्या नायरांची मातृवंशीय घरं आणि पुण्यातले ब्राह्मणी वाडे यांत बाईची जागा किती वेगळी होती, हे माहीत नसेल तर इंदुलेखेचं धाडस आणि यमूची असहायता ही दोन्ही नुसती स्वभावाची गोष्ट वाटेल.

‘म्हणजे दहा भाषा याव्या लागतात?’ हा पुढचा प्रश्न मला नेहमी विचारतात. नाही. दोन भाषा मनापासून आणि तिसरी वाचण्यापुरती, एवढ्यावर उत्तम काम होतं. बाकीचं अनुवादातून वाचायचं, मात्र आपण अनुवाद वाचतोय याचं भान ठेवून. एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. मराठी आणि कन्नडची तुलना करणारे प्रबंध होतात आणि विद्यार्थ्याने दोन्ही बाजू इंग्रजीतून वाचलेल्या असतात. इंग्रजीत ‘तुका म्हणे’ आणि ‘कूडलसंगमदेव’ यांचा आवाज जवळपास एकच होऊन बसतो. जे पाहायचं होतं तेच पुसलं जातं. समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी २००३ मध्ये या विषयावर लिहिताना भाषा शिकण्यावर जो जोर दिला होता, तो आपल्याकडे आणखी लागू आहे, कारण आपल्याला दुसरी भाषा शिकायला विमानात बसावं लागत नाही. सोलापूर, बेळगाव, नांदेड, धुळे इथल्या मुलांच्या कानावर ती रोज पडते.

प्रवेशाचं बघायचं तर जादवपूर, हैदराबाद विद्यापीठ, शांतिनिकेतनची विश्वभारती आणि दिल्ली विद्यापीठाचा आधुनिक भारतीय भाषांचा विभाग, ही मुख्य ठिकाणं. नेट परीक्षेत तौलनिक साहित्य हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे एम.ए. मराठीला बऱ्याच ठिकाणी याचा एखादा पेपर असतो. सुरुवात तिथूनही होते. नोकरीचं म्हणाल तर अध्यापन, अनुवाद, प्रकाशनातलं संपादन, उपशीर्षकं. पगाराच्या मोठ्या आकड्यांचं आमिष मी कुणाला दाखवणार नाही. ज्याला पुस्तक वाचताना शेजारच्या घरात डोकावायची ओढ आहे, त्याने हा विषय घ्यावा.

घ्यायचा असेल तर विभागाच्या अर्जाआधी एक लिपी शिकायला घ्या. समजा कन्नड. अक्षरं गोल गोल, सुरुवातीला सगळी सारखीच दिसतात. पण मुळाक्षरांचा क्रम आपलाच आहे, त्यामुळे हात लवकर बसतो. मग अक्कमहादेवीची वचनं उघडा. पहिल्या ओळी कळणार नाहीत. सरळ शेवटच्या ओळीकडे जा. तिथे एक लांबलचक शब्द असेल, जोडाक्षरांचा. बोट ठेवून एकेक अक्षर लावत जा: च, न्न, म, ल्लि, का, र्जु, न.